शाळेत औषध मारलं, पालकांना कळलंच नाही. गोव्यात असा कायदा का असू नये?

जाईची कळी
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगी दुसरीत आहे, गावातल्याच मराठी प्राथमिक शाळेत. शाळेचं नाव देत नाही, कारण माझं भांडण त्या शाळेशी नाही आणि तिथल्या बाईंशी तर मुळीच नाही.

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळची गोष्ट. मुलीला सोडायला गेले तर वर्गाच्या दारातच वास नाकात गेला, रॉकेलचा आणि त्यात सडक्या लसणीसारखं काहीतरी. आत पाहिलं तर भिंतीच्या कडेकडेने फरशीवर ओले डाग. दर फूटभर अंतरावर एक भोक आणि त्यावर पांढऱ्या सिमेंटचा ठिपका. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद होत्या. पहिलीच्या मुलांच्या चटया त्याच भिंतीला लागून अंथरलेल्या. एक मुलगा त्या सिमेंटच्या ठिपक्यावर बोट घासत बसला होता, तेच बोट नंतर तोंडात गेलं. बाई म्हणाल्या, "काल वाळवीचं औषध मारून गेले. कपाटातली अर्धी पुस्तकं खाल्ली होती हो."

दुपारी मुलगी डोकं धरूनच घरी आली. जेवली नाही, दोनदा ओकली. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं औषध मारलं?" मला सांगता येईना. बाईंना फोन केला, त्यांनाही माहीत नव्हतं. पावतीवर नुसतं 'अँटी टर्माइट' लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागे माडाच्या आळ्यात रिकामा डबा सापडला: क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी, वर पिवळा त्रिकोण. मुलगी तोवर बरी झाली होती. ओकाऱ्या त्या औषधानेच झाल्या असं मी म्हणत नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण तो प्रश्न मनातून जात नाही. सकाळपासून दुपारपर्यंत माझं लेकरू ज्याच्या बाजूला बसणार, त्याचं नावसुद्धा मला आधी कळू नये?

मग तीन रात्री वाचत बसले. अमेरिकेत मुलांना रसायनांपासून जपणारे कायदे पुष्कळदा वेगवेगळ्या राज्यांनी आपापले केलेत. त्यातला कॅलिफोर्नियाचा कायदा माझ्या काळजाला भिडला. २००० सालचा हेल्दी स्कूल्स ॲक्ट. वर्षाच्या सुरुवातीला शाळेने पालकांना लेखी कळवायचं की यंदा कुठकुठली कीटकनाशकं वापरायचा विचार आहे, नुसतं कंपनीचं नाव नव्हे तर आतल्या मूळ रसायनाचं नाव. ज्या पालकाने नाव नोंदवलं असेल त्याला प्रत्येक फवारणीच्या ७२ तास आधी कळवायचं. जिथे मारायचं तिथे २४ तास आधी पाटी लावायची आणि नंतर ७२ तास ती काढायची नाही. चार वर्षं नोंदी ठेवायच्या, कोणीही मागितल्या तर दाखवायच्या. पाळणाघरांनाही हे लागू आहे.

यात नेहमीच्या औषधांवर बंदी नाही, हे लक्षात घ्या. भर सांगण्यावर आहे. एक पाटी आणि एक वही.

आपल्या गोव्याने २००३ साली स्वतःचा बालकायदा केला, गोवा चिल्ड्रन्स ॲक्ट. बालमजुरी, लैंगिक शोषण, मुलांसाठी वेगळं न्यायालय, हे सगळं आपल्या विधानसभेने दिल्लीची वाट न पाहता केलं. मग शाळेत विष मारण्याआधी आईबापांना सांगा एवढी एक ओळ आपण लिहू शकत नाही का? जाणकारांनी बोलावं.

---

माडाचोराय
रविवार, रात्री १०:०५

ताई, वाचूनच अंगावर काटा आला. माझा मुलगा बालवाडीत आहे. उद्याच विचारतो आमच्याकडे कधी काय मारलं ते.

---

गुरुजी_पेडणे
रविवार, रात्री ११:१२

मी ३४ वर्षं शिक्षक होतो, त्यातली १९ मुख्याध्यापक. म्हणून शाळेची बाजूही सांगतो, रागावू नका.

जुन्या शाळांचं छप्पर लाकडी वाशांचं. एक पावसाळा दुर्लक्ष झालं तर वाळवी वासा आतून पोकळ करते, वरून रंग तसाच चकाचक. आमच्याकडे एकदा भर वर्गात कौलं कोसळली, देवाच्या कृपेने मधली सुट्टी होती. तेव्हा औषध मारूच नका असं कोणी म्हटलं तर मी विरोध करीन. शिवाय ठेकेदार आपल्या सवडीने येतो. शुक्रवारी संध्याकाळी फोन, 'रविवारी माणसं पाठवतो'. चावी शिपायाकडे. मुख्याध्यापकाला औषधाचं नाव कोणी सांगत नाही, आणि खरं म्हणजे तोही विचारत नाही.

पण एक गोष्ट मला स्वतःला आजही झोपू देत नाही. ऐंशीच्या दशकात मुंग्या, गोचीड, काहीही झालं की आम्ही गॅमेक्सिन पावडर फुंकायचो. शाळेच्या पडवीत, मैदानाच्या कडेला, मुलं खेळतात तिथेच. मी स्वतः उघड्या हाताने डब्यातून काढून टाकलीय, आणि चौथीची मुलं 'गुरुजी, मी टाकतो' म्हणत मागे लागायची. मी त्यांना टाकू दिलीय. १९९७ साली गॅमेक्सिनमधल्या बीएचसी या रसायनावर देशात बंदी आली तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. त्या डब्यावर काय लिहिलंय ते मला कोणी वाचायला सांगितलं असतं, तर मी वाचलं असतं.

म्हणून जाईताई, पाटी आणि वहीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. शिक्षकालाही त्यानेच शहाणपण येईल.

---

फवारणीवाला
सोमवार, सकाळी ७:३०

मी हेच काम करतो, १४ वर्षं झाली. मडगाव ते काणकोण. नाव नको.

ताईंनी सांगितलेली भोकं म्हणजे जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे ड्रिल मारून आत औषध सोडतात. पद्धत बरोबर आहे. चुकलं ते पुढे. खिडक्या बंद ठेवल्या, भोकं बुजवताना बाहेर सांडलेलं पुसलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी मुलं आत. सुट्टीच्या पहिल्या दिवशी केलं असतं तर आठवडाभर खोली उघडी राहिली असती. हा डोक्याचा प्रश्न आहे, पैशाचा नाही.

आणि तो डबा तिथेच टाकून जाणं हा गुन्हाच समजा. रिकामा डबा ठेचून, भोक पाडून परत न्यायचा असतो.

गिऱ्हाइकांनी आम्हाला काय विचारावं ते सांगतो. एक, परवाना दाखव. कीटकनाशक नियमांखाली पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो, तो कृषी खात्याकडून मिळतो. दोन, डब्यावरचा त्रिकोण दाखव. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे प्यायला चालतं असं नव्हे! तीन, पावतीवर रसायनाचं पूर्ण नाव लिही. १४ वर्षांत परवाना मागणारी शाळा मला भेटलेली नाही. सोसायट्या मागतात, हॉटेलं मागतात.

झुरळांसाठी शाळेत फवारा कधीच मारू देऊ नका. जेलचे ठिपके बिजागरीत, कपाटाच्या सांध्यात लावले की काम होतं. वास नाही, हवेत काही उडत नाही.

---

जाईची कळी
सोमवार, सकाळी ८:१५

@फवारणीवाला, मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत म्हणून या धाग्याला वजन आलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही बंद डबीतलं आमिष आणि सांध्यात लावायचं जेल यांना पाटीतून सूट आहे. म्हणजे शाळेला कटकट नको असेल तर ती आपोआपच कमी विषारी वाटेकडे वळते. असा विचार करून कायदा लिहिणाऱ्याला मी हात जोडते.

---

बांबोळीची_नर्स
सोमवार, दुपारी २:५०

डॉक्टरांनी 'कुठलं औषध' हे का विचारलं, ते सगळ्या आयांना कळायला हवं म्हणून लिहिते.

क्लोरपायरिफॉस, मॅलाथिऑन, मोनोक्रोटोफॉस ही एका घराण्यातली, ऑर्गॅनोफॉस्फेट. ती शरीरातलं एक एन्झाइम अडवतात, त्यामुळे नसांचा संदेश थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी, घाम, उलट्या, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास घरघरतो. यावर उतारा आहे, ॲट्रोपिन, आणि तो वेळेवर मिळाला तर जीव वाचतो. पण मच्छरांच्या कॉइलीत किंवा स्प्रेत असतात ती पायरेथ्रॉइड निराळी, त्यांना हा उतारा नाही. म्हणजे नाव कळलं तर डॉक्टर पहिल्या मिनिटापासून बरोबर दिशेने जातात. नाहीतर अंदाजाने चालायचं. १०८ बोलावताना हातात डबा किंवा त्याचा फोटो घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

मुलं जास्त का बाधतात तेही थोडक्यात. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात, जास्त खातात, जास्त पाणी पितात. जमिनीजवळ असतात, आणि वाफ, धूळ सगळं जमिनीजवळच. हात सारखा तोंडात. विष निकामी करणारी यंत्रणा लहानपणी कच्ची असते आणि मेंदू तेव्हाच बांधला जात असतो. एकाच खोलीत बसलेल्या बाईंना नुसता वास येईल, आणि चटईवरच्या पोराला बाधा होईल.

---

वास्कोतून
सोमवार, दुपारी ३:२०

औषधाचं राहू द्या, आमच्याकडे मुरगावला कोळशाची काळी धूळ शाळेच्या बाकांवर बसते, बोटाने नाव लिहिता येतं. त्यावर कोण बोलणार?

---

जाईची कळी
सोमवार, दुपारी ३:४५

@वास्कोतून, तुमचं दुखणं मोठं आहे, मला मान्य आहे. पण बंदर, रेल्वे, केंद्र असे सगळे त्यात गुंतलेत. इथे आपण राज्याच्या हातात सहज असलेल्या एका गोष्टीवर बोलू. तुम्ही वेगळा धागा काढा, मी पहिली लिहीन.

---

जर्सीत_गोंयकान्न
सोमवार, रात्री ११:५८

मी मूळची डिचोलीची, आता २१ वर्षं न्यू जर्सीत. इथला एक कायदा कसा जन्मला ते सांगते, कारण आमच्या घरी त्या वेळी लहान मूल होतं आणि ती बातमी मी विसरू शकत नाही.

ग्लॉस्टर काउंटीतल्या फ्रँकलिन टाउनशिपमध्ये एका इमारतीत पूर्वी पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना होता. तो बंद पडला. इमारत विकली गेली, रंगरंगोटी झाली आणि २००४ साली तिथे पाळणाघर सुरू झालं. परवानगी देताना आधी तिथे काय होतं हे कोणी तपासलं नाही. २००६ च्या जुलैत सरकारी तपासणीत आत पाऱ्याची वाफ सापडली आणि पाळणाघर बंद केलं. तोवर दोन वर्षं रांगती बाळं तिथल्या फरशीवर झोपत होती. तपासलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांच्या शरीरात पारा प्रमाणाबाहेर निघाला. पारा डोळ्यांना दिसला नव्हता, वास नव्हता. आया रोज सकाळी विश्वासाने मूल ठेवून कामाला जात होत्या.

त्यानंतर राज्याने उशीर केला नाही. २००७ च्या जानेवारीत कायदा झाला: पाळणाघर किंवा शाळा उघडायची तर त्या जागेचा इतिहास तपासा, जमीन आणि इमारतीची आतली हवा मुलांसाठी सुरक्षित असल्याचा दाखला आणा, मगच परवाना.

गोव्यात आता जुन्या गोदामांत, वर्कशॉपच्या वरच्या मजल्यांवर, औद्योगिक वसाहतींच्या कडेला बालवाड्या उघडताहेत. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आले तेव्हा बहिणीच्या नातीची बालवाडी पाहिली. खाली बॅटरी दुरुस्तीचं दुकान. ॲसिडने फरशीची चाळण झालेली आणि पोरं त्याच जिन्याने वर. बॅटरी म्हणजे शिसं. मी बहिणीला म्हटलं, जागा बदल. तिने बदलली. पण बाकीच्या पोरांचं काय?

क्लोरपायरिफॉसचं म्हणाल तर इथे घरगुती वापरातून ते २००० सालापासूनच काढत आणलं. हवाई हे त्यावर पूर्ण बंदीचा कायदा करणारं पहिलं राज्य, २०१८ साली. त्याच कायद्यात शाळेच्या वेळात शाळेपासून १०० फुटांच्या आत जहाल कीटकनाशकं वापरायला मनाई आहे. कॅलिफोर्नियाने २०२० अखेर वापर थांबवला. आणि २०२५ मध्ये ते घातक रसायनं जगभर थांबवण्यासाठीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, काही सवलती ठेवून. ताईंच्या मुलीच्या वर्गात तेच निघालं हे वाचून फार वाईट वाटलं.

---

काजूबाग_सत्तरी
मंगळवार, सकाळी ६:२०

आम्ही काजूवाले. कासरगोडचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान मारलं. खाली गावं, विहिरी, शाळा. जन्मतःच अपंग, मतिमंद मुलांच्या आया आजही तिथे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मेमध्ये देशभर एंडोसल्फान थांबवलं आणि २०१७ च्या जानेवारीत केरळ सरकारला पीडितांना प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. डोंगर तसेच, मातीही आमच्यासारखीच जांभ्याची. मोहोर आला की मी बागेत जातो तेव्हा हे डोक्यात असतंच.

आता माझ्या घरातली चूक. वडील मोनोक्रोटोफॉसची रिकामी बाटली धुऊन त्यात दिव्याचं तेल ठेवायचे. मी लहान असताना ती बाटली देवघरात असायची. २०१३ च्या जुलैत बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली, जेवणात मोनोक्रोटोफॉस निघालं. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा वडील उठले, देवघरातली बाटली घेतली, मागे खड्डा खणून पुरली. कोणाशी बोलले नाहीत दिवसभर.

ताई, मसुदा कराल तेव्हा एक ओळ घाला: शाळेच्या आवारात, विशेषतः माध्यान्ह आहाराच्या खोलीजवळ, कीटकनाशक साठवायचं नाही. रिकामं भांडंसुद्धा नाही.

---

फुटबॉलवेडा
मंगळवार, सकाळी ९:०२

मैदानही धरा. पावसाळ्यानंतर तण माजतं तेव्हा आमच्या इथे ग्लायफोसेट मारतात आणि संध्याकाळी पोरं अनवाणी खेळतात, पडतात, गुडघे फुटतात. न्यूयॉर्क राज्याने २०१० साली शाळा आणि पाळणाघरांच्या हिरवळीवर, मैदानावर कीटकनाशकं आणि तणनाशकं मारायलाच बंदी घातली. आपण निदान तण कापू शकतो.

---

कायदा_पणजी
मंगळवार, दुपारी १:३५

मी वकील आहे, पण हा सल्ला नाही, माझं मत आहे.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, केंद्राचा. कुठलं औषध देशात विकायचं हे केंद्र ठरवतं. राज्याला कलम २७ खाली एखाद्या औषधाची विक्री-वापर थांबवता येतो, पण तात्पुरता, ६० दिवसांसाठी. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीने शेतकरी दगावले तेव्हा महाराष्ट्राने हेच कलम वापरलं. पंजाबने २०२२ मध्ये बासमतीवरच्या दहा औषधांसाठी वापरलं. साठ दिवस संपले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. तेव्हा गोव्याने शाळांसाठी क्लोरपायरिफॉस कायमचं बंद करावं असं म्हणाल तर वाट अवघड आहे.

पण जाईताई बंदी मागतच नाहीत, आणि त्यांच्या मागणीचं खरं बळ त्यातच आहे. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, म्हणजे राज्याने कायदे करायच्या विषयांत आहे, शेती राज्यसूचीत आहे. सिक्कीमने २०१४ साली शेतीच्या बाजूने कायदा करून रासायनिक खतं-औषधं राज्यात येणंच अडवलं आणि २०१६ मध्ये ते सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं. 'औषधं आणि विषं' हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत आहे, तिथे केंद्राच्या कायद्याशी टक्कर झाली तर राष्ट्रपतींच्या संमतीचा प्रश्न येतो. पण शाळेने पालकांना आधी कळवावं, पाटी लावावी, नोंद ठेवावी, परवानाधारकच बोलवावा, यात केंद्राच्या कायद्याशी टक्कर मला दिसत नाही. उलट त्याला पूरकच आहे. आपल्या २००३ च्या बालकायद्यात दुरुस्ती हा एक मार्ग. त्याहून जलद म्हणजे शिक्षण खात्याचं परिपत्रक, ते मंत्र्याच्या सहीने आठवड्यात निघू शकतं. मात्र परिपत्रक पुढचा मंत्री फिरवतो, कायदा फिरवायला विधानसभा लागते.

राज्याला करायचं असेल तर होतं. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिनचा गवगवा झाला, लोकांनी मासळी घेणं सोडलं आणि सरकारला बाहेरची मासळी १५ दिवस रोखावी लागली. ताटातल्या बांगड्यासाठी गोवा उठला, तसा चटईवरच्या पोरासाठीही उठेल असं मला मनापासून वाटतं.

---

रंगारी_डिचोली
मंगळवार, रात्री ८:४०

आमची चित्रशाळा आहे. चतुर्थीआधी दोन महिने घरातली आणि शेजारची सगळी पोरं मूर्तींना रंग द्यायला बसतात, मीही तसाच शिकलो. बारीक रेघ मारायची तर ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून टोकदार करायचं, ही आजोबांची पद्धत. माझ्या मुलाला तसं करताना पाहिलं आणि पहिल्यांदाच पोटात गोळा आला. त्या लाल-पिवळ्या-शेंदरीत पूर्वी काय असायचं? शिसं. आता आम्ही पाण्याचे रंग वापरतो, पण सुट्या पुड्यांवर काहीच लिहिलेलं नसतं.

भिंतींचंही सांगतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको हा नियम देशात २०१६ ला झाला, २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू. पण खिडक्यांना ४० वर्षं थरावर थर चढलेत ते आधीचे. चतुर्थीआधी घर रंगवायचं म्हणून आपण काय करतो? पोरांच्या हातात पॉलिश पेपर देतो, 'घास जरा'. ती धूळ शिशाची. शिसं मेंदूवर जातं आणि त्याचं 'एवढं चालतं' असं प्रमाणच नाही. पेपर ओला करून घासा, पोरांना लांब ठेवा, नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

भाऊ बोस्टनला आहे. तो म्हणतो, मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९७१ चा. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाचा धोकादायक रंग काढणं किंवा झाकणं ही घरमालकाची जबाबदारी. भाडेकरूची नाही! शाळा रंगवायची तर तेही त्या पाटीवर यावं.

---

माडाचोराय
बुधवार, सकाळी १०:१०

विचारलं. बालवाडीच्या ताई म्हणाल्या, दर महिन्याला झुरळांचा फवारा मारतात, शनिवारी. नाव माहीत नाही. मी @फवारणीवाला यांनी लिहिलेलं जेलचं सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

---

स्पष्टच_बोलतो
बुधवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचं पटतं, पण एक भीती आहे. पाटी लागली की पालक त्या दिवशी मूल पाठवणारच नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याची धुराची फवारणी झाली तरी ओरड होईल आणि मग डासांनीच पोरं आजारी पडतील.

---

गुरुजी_पेडणे
बुधवार, दुपारी १२:०५

@स्पष्टच_बोलतो, प्रश्न योग्य आहे. साथीच्या तातडीच्या फवारणीला ७२ तासांची अट नसावी, त्याच दिवशी पाटी पुरे. बाकी पालकांबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला आधी सांगितलं तो पालक प्रश्न विचारतो. ज्याला नंतर कळलं तो भांडायला येतो.

---

जाईची कळी
रविवार, रात्री १०:२०

आठवड्याभरात काय झालं ते सांगते.

शुक्रवारी पालक-शिक्षक संघाची बैठक होती. मी घाबरत घाबरत हा धागा छापून नेला, २७ पानं. बाईंनी स्वतः वाचून दाखवला. गॅमेक्सिनचा भाग वाचताना त्यांचा आवाज बसला. दोन गोष्टी तिथेच ठरल्या. शाळेत एक वही सुरू झाली: तारीख, कशासाठी, रसायनाचं नाव, त्रिकोणाचा रंग, कोणी मारलं, परवाना क्रमांक. पहिली नोंद त्या क्लोरपायरिफॉसचीच केली, मागची तारीख घालून. आणि कार्यालयाबाहेर काळ्या फळ्याचा एक कोपरा पिवळ्या खडूने आखून 'औषध फवारणी' म्हणून राखून ठेवला. भिंतीच्या कडेची फरशी साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली, पहिलीच्या चटया आता मधोमध आहेत.

पुढच्या रविवारी ग्रामसभा आहे. तिथे ठराव मांडून तो आमदारांना आणि शिक्षण खात्याला पाठवायचा आहे. मसुदा असा केलाय:

"या गावातील सर्व शाळा, अंगणवाड्या व पाळणाघरांत कीटकनाशक, तणनाशक वापरण्यापूर्वी किमान ७२ तास पालकांना रसायनाच्या नावासह कळवावे. वापराच्या २४ तास आधीपासून ७२ तास नंतरपर्यंत दर्शनी भागी मराठी व कोकणीत पाटी असावी. काम परवानाधारकाकडूनच व शक्यतो सुट्टीच्या आरंभी करावे. आवारात कीटकनाशक वा त्याचे रिकामे भांडे ठेवू नये. साथीच्या तातडीच्या फवारणीस त्याच दिवशीची पाटी पुरेशी समजावी. अशी तरतूद गोवा बालकायदा २००३ मध्ये दुरुस्ती करून राज्यभर लागू करावी अशी ही ग्रामसभा शासनाकडे मागणी करते."

कोणी तपासून द्याल का?

---

कायदा_पणजी
रविवार, रात्री ११:००

चांगला आहे. दोन बदल. 'नोंदवही ठेवावी व मागणाऱ्यास दाखवावी' हे राहिलंय, ते घाला, नाहीतर उद्या माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस थांबावं लागेल. आणि 'शक्यतो' हा शब्द काढा.

---

रंगारी_डिचोली
रविवार, रात्री ११:१८

'कीटकनाशक, तणनाशक' यापुढे 'व जुना रंग घासणे' एवढं जोडा. आमच्या पंचायतीत हाच ठराव मी मांडतो, तुमची अंतिम प्रत टाका इथे.

---

जाईची कळी
रविवार, रात्री ११:४०

तिन्ही बदल केले. सकाळी बाईंना दाखवून इथे प्रत टाकते. पाटीसाठी रसायनांची नावं कोकणीतही नीट लिहून हवी आहेत, @फवारणीवाला, नेहमी लागणाऱ्या दहा-बारांची यादी द्याल?

---

फवारणीवाला
सोमवार, सकाळी ६:५५

देतो. आज सावर्ड्याला काम आहे, तेही शाळेतच. संध्याकाळी येऊन लिहितो. आणि आज जाताना खडू घेऊन जातोय, नाव मीच लिहून येईन.